मुठीचा हिशेब

मोटरसायकल बाळगणाऱ्या मनुष्यास या देशात जो प्रश्न सर्वांत अधिक वेळा विचारला जातो, तो तिच्या वेगाविषयी नसतो, रंगाविषयी तर मुळीच नसतो. ‘किती ॲव्हरेज देते?’ हाच तो प्रश्न. पंपावरील पोऱ्या तो विचारतो, ढाब्यावर बाजेवर पहुडलेला ट्रकचालक विचारतो, आणि ज्यांना उभ्या जन्मात मोटरसायकल घ्यावयाची नाही असे शेजारचे निवृत्त गृहस्थही जिन्यात गाठून विचारतात. त्या प्रश्नातील ‘देते’ या क्रियापदाबद्दल आमची जुनी तक्रार आहे. गाय दूध देते, झाड फळ देते. मोटरसायकल आपण होऊन तसे काहीच देत नाही. उजव्या हाताची मूठ जितके मागते तितके ती पिते, इतकेच.

आम्ही दिल्लीत केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकुनी करतो. दौऱ्याचा भत्ता मिळावा असे आमचे पद नाही, आणि रजा-प्रवास-सवलतीच्या नियमांत स्वतःच्या वाहनावरील भटकंतीला सामान्यतः स्थान नाही. तेव्हा जी काही पर्यटने घडतात त्यांचे पेट्रोल आमच्याच पगारातून जळते. साहजिकच आम्ही एक वही ठेवली आहे. टाकी काठोकाठ भरावयाची, किलोमीटरचा आकडा टिपून ठेवावयाचा, पुढील खेपेस पुन्हा काठोकाठ भरून भागाकार करावयाचा. आमची गाडी साडेतीनशे सीसीची जुनी बुलेट, कार्ब्युरेटरवाली. टाकी साडेतेरा लिटरची. त्या वहीत दिल्ली–चंदीगड या एकाच रस्त्यावरील दोन नोंदी शेजारी शेजारी आहेत. ताशी पंचावन्न-साठच्या चालीने गेलो तेव्हा लिटरला ३८ किलोमीटर. लग्नाचा मुहूर्त गाठावयाचा म्हणून नव्वदच्या पुढे हाकली तेव्हा २७. गाडी तीच, तेल तेच, रस्ता तोच.

हे अकरा किलोमीटर वाऱ्याने नेले. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे आम्ही महाविद्यालयात परीक्षेपुरते पाठ केले होते. त्याचा अर्थ महामार्गावर कळला. ताशी साठ किलोमीटरला जो विरोध, त्याच्या पावणेदोन पट ऐंशीला आणि पावणेतीन पट शंभराला. सामान बांधण्याची रीतही येथे कामास येते. पाठीमागे, स्वाराच्या सावलीत बसलेले बोचके वाऱ्याला फारसे दिसत नाही. दोन्ही बाजूंना गाढवावरील गोण्यांप्रमाणे लटकवलेल्या पेट्या मात्र साऱ्या वाऱ्याला छातीवर घेतात. करोलबागेतील दुकानदार नेमक्या त्याच पेट्या आग्रहाने विकतो.

परंतु वाऱ्याहूनही लबाड चोर म्हणजे ब्रेक. गाडी, स्वार आणि सामान मिळून तीनशे किलो धरा. ताशी बहात्तर किलोमीटर, म्हणजे सेकंदाला वीस मीटर वेगाने जाणाऱ्या या ओझ्यात साठ हजार ज्यूल ऊर्जा साठलेली असते. पेट्रोलच्या एका लिटरमधील ऊर्जेचा सुमारे चतुर्थांशच चाकापर्यंत पोहोचतो, असे धरले तर लिटरामागे सुमारे ऐंशी लाख ज्यूल हाती येतात. म्हणजे त्या वेगावरून एकदा करकचून थांबलो की साडेसात मिलिलिटर पेट्रोल ब्रेकच्या पट्ट्यांत जळून गेले. औषधाचा दीड चमचा! दिवसभरात असे शंभर वेळा थांबलो तर पाऊण लिटर. आमच्यापुढे जाण्यासाठी कर्कश भोंगा वाजवीत गेलेला तरुण जेव्हा पुढच्या लाल दिव्यापाशी आमच्या शेजारीच उभा असलेला दिसतो, तेव्हा त्याने आताच दीड चमचा रस्त्यावर ओतला, या विचाराने आम्हांस थोडे समाधान वाटते. ते फारसे सज्जनपणाचे नसावे.

याचा अर्थ संथपणा म्हणजे काटकसर असा कोणी घेऊ नये. दुसऱ्या गिअरमध्ये ताशी पंचविसाने कुरकुरत जाणारी गाडी साठाच्या चालीहून अधिक पिते. तसेच उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून ‘फुकट’ जाण्याची विद्या. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि आता नव्या मोटरसायकलींत कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्शन आले आहे. अशी गाडी गिअरमध्ये ठेवून मूठ पूर्ण सोडली तर बहुधा इंधन आपोआप बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते ते ठिबकतच राहते. आणि घाटात इंजिनाचा लगाम काढून सारा भार ब्रेकवर टाकणे हे तर जिवाशी आले. टायरमधील हवा, साखळीचे वंगण या गोष्टी प्रत्येक गाडीबरोबरच्या पुस्तकात छापलेल्या असतात. त्या येथे नकोत.

आमच्या या हिशेबाला आमचा एक मित्र ‘कारकुनी’ म्हणतो. त्याची गाडी चारशे सीसीच्या आसपासची, टाकी आमच्याएवढीच. २०१८ च्या ऑगस्टात आम्ही दोघे मनालीहून लेहला गेलो. त्या वाटेवर लाहौलमधील तांडी येथे पेट्रोलपंप आहे आणि तेथे त्या वेळी पाटी होती, की पुढील पंप ३६५ किलोमीटरांवर. साडेतेराने भागा : लिटरला सत्तावीस पडलेच पाहिजेत, आणि तेही चढावर, विरळ हवेत, जेथे कार्ब्युरेटर हवा कमी व पेट्रोल जास्त असे मिश्रण करू लागतो. आम्ही पाच लिटरचा कॅन बांधला. मित्राने बांधला नाही. कॅन खडखडतो म्हणाला. बारालाचा-ला, सरचू, गाटा लूप्सची ती एकवीस वळणे, पांग. सर्वत्र तो आमच्या पुढे. मोरे मैदान म्हणजे साडेचार हजार मीटरांहून अधिक उंचीवरील चाळीसेक किलोमीटरांचा सपाट माळ. तेथे तो दिसेनासा झाला. दिसला तो तांगलांग-लाच्या चढावर, गाडीच्या टाकीवर कान ठेवून ती हलवीत असलेला. आमच्या कॅनमधील दोन लिटर त्याला दिले. कारूच्या पंपावर आमच्या टाकीत लिटरभर उरले होते आणि कॅनमध्ये तीन. मित्राने त्या रात्री लेहमध्ये जेवणाचे पैसे दिले. ‘कारकुनी’ हा शब्द मात्र मागे घेतला नाही.

आता तिसऱ्या चाकाकडे वळावयास हवे. दिल्लीला तीन चाकांच्या मोटरसायकली नव्या नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याने काढून टाकलेल्या अमेरिकन मोटरसायकलींना मागे प्रवाशांची बैठक जोडून येथे ‘फटफटी’ केल्या गेल्या. कॅनॉट प्लेस ते चांदणी चौक अशा त्या कित्येक वर्षे धावल्या. मूळ इंजिनांची भूक न परवडल्याने पुढे पुष्कळांत डिझेल इंजिने बसली, आणि १९९८ मध्ये प्रदूषणाच्या कारणाने त्या रस्त्यावरून गेल्या.

आमच्या परिचयाची तीनचाकी निराळी. आमच्या विभागातील जावक लिपिक गढवालचे. बालपणी पोलिओने एक पाय अधू झाला. त्यांच्या स्कूटरला मागे दोन्ही बाजूंना एकेक जादा चाक जोडलेले आहे आणि परिवहन कार्यालयात त्याची रीतसर नोंद आहे. या जोडणीची किंमत पेट्रोलमध्ये मोजावी लागते : वजन वाढते, जमिनीला घासणारे टायर वाढतात, रुंदी वाढते. दुचाकीस्वार खड्डा चुकविण्यास एक वाट शोधतो. यांना एकाच वेळी तीन वाटा शोधाव्या लागतात. वळणावर दुचाकी आत झुकते. ही झुकत नाही, उलट आतले चाक उचलू पाहते. म्हणून वळणाच्या कितीतरी आधी वेग उतरलेला असावा लागतो.

दिल्लीबाहेर स्वतःच्या वाहनाने एकदा जावे, अशी इच्छा त्यांनी एका दुपारी बोलून दाखविली. मित्राने आम्हांस बाजूला घेऊन सांगितले की, आपली चाल मारली जाईल. तरी २०२३ च्या फेब्रुवारीत तिघे जयपुरास गेलो, आणि त्या दिवसभर आम्ही त्यांच्या मागे चाललो. ताशी पन्नास. त्यांची मूठ किती थोडी हलते हे पाहण्यासारखे होते. दूरवर ट्रक दुसऱ्या ट्रकास ओलांडू लागला, की यांची मूठ सैल. ट्रक बाजूला होईतो स्कूटर आपल्याच वेगावर वाहत राही आणि ब्रेकचा दिवा पेटतच नसे. कोटपुतलीला चहाच्या वेळी आम्ही विचारले. ते म्हणाले की अचानक थांबणे, अचानक वळणे या गाडीला झेपत नाही, तेव्हा पुढचे पाहत राहण्यावाचून गत्यंतर नसते. पेट्रोलचा विचार त्यांनी कधी केलाच नव्हता. संध्याकाळी वहीत तीन आकडे पडले. मित्राचे २४. त्यांचे ३६, शहरात ३३ पडतात. आमचे ४१, इतका आकडा त्या वहीत पूर्वी कधी नव्हता. मित्र सव्वा तास आधी पोहोचून जयपूरच्या वेशीवर कंटाळून बसला होता.

तेव्हापासून त्या गृहस्थांच्या मनात एकच आहे : पौडीजवळचे आपले गाव. आजवर ते गावी गेले ते बसमध्ये, कोणीतरी हात देऊन चढविल्यावर. कोटद्वारपासून पौडीपर्यंत उंची सुमारे चौदाशे मीटरांनी वाढते. आम्ही एका रद्द मसुद्याच्या पाठीवर हिशेब केला : स्कूटर, चाके, स्वार व पिशवी मिळून दोनशे तीस किलो तेवढे वर उचलण्यास पेट्रोल लागेल सुमारे चारशे मिलिलिटर. रस्त्याचे लागेल ते वेगळे. म्हणजे अडचण पेट्रोलची नाहीच. लहान इंजिनाच्या दमाची आहे, आणि परतीच्या उतारावर तापणाऱ्या ब्रेकची. दर पंधरा किलोमीटरांवर थांबावयाचे, मोठा उतार दुपारच्या आत उतरावयाचा, असे ठरले आहे. रजेचा अर्ज मंजूर झाला आहे. दसऱ्यानंतरच्या शनिवारी ते निघणार. त्यांच्या मागे कोणी राहावयाचे, यावर आमचा आणि मित्राचा वाद अजून मिटलेला नाही. मित्राचे म्हणणे, जयपुरास तुम्ही राहिला होता, आता पाळी त्याची.