मनातला क्षार निचरून जाऊ द्या

माझे काम पीकपाण्याचे. पण तीस वर्षे गावोगाव फिरताना एक कळले, बांधावर बसलेले माणूस नुसते पिकाचे बोलत नाही.

मागच्या वर्षी सोयाबीनवरच्या किडीचे विचारायला एक ताई आली आणि बोलता बोलता पदर तोंडाला लावून रडू लागली. नवऱ्याचे दुसऱ्या बाईशी संबंध असल्याचे तिला कळले होते. झोप उडाली, घास उतरेना. "मॅडम, माझ्यातच काय कमी होतं?" हा एकच प्रश्न. भावकी बसली, नवऱ्याने चूक कबूल केली, "झालं गेलं विसर" असे सांगून बैठक उठली. तिच्या मनातले मात्र तसेच राहिले.

कृष्णाकाठची क्षारपड जमीन आपण पाहिली असेल. वरचा पांढरा थर खरवडला तरी तो पुन्हा वर येतो. आधी माती तपासावी लागते, चर खणून निचरा करावा लागतो, मग क्षार धुऊन जातात. चोपण असेल तर जिप्सम घालावे लागते, धैंचा गाडावा लागतो. एका हंगामात जमीन सुधारत नाही. विश्वासघाताने पोळलेल्या मनाचेही असेच आहे.

मी तिला जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जायला सांगितले. "मला काय वेड लागलंय?" ती म्हणाली. वेड नव्हे ताई, घाव आहे. समुपदेशक न्यायनिवाडा करीत नाही. तो आधी झोप, भूक, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार यांची चौकशी करतो, सगळे ऐकून घेतो. दुसऱ्याच्या वागण्याचा दोष आपला नव्हे, हे हळूहळू मनाला पटते. नांदायचे की वेगळे व्हायचे, हा निर्णय ज्याचा त्याने, मन शांत झाल्यावर घ्यायचा.

ती आठ वेळा गेली. पुढे तिच्या संमतीने नवऱ्यालाही बोलावले आणि तिच्या प्रश्नांना त्याला समोर बसून उत्तरे द्यावी लागली. तिच्याच परवानगीने हे लिहिते आहे. "विश्वास अजून पुरता बसला नाही," ती सांगते, "पण आता रात्री झोप लागते."

फसवणूक पुरुषाचीही होते. तो रडत नाही, दारू जवळ करतो किंवा हात उगारतो. त्यालाही हाच इलाज आहे.

जिल्ह्याला जाणे जमत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक फिरवा. ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती मोफत आहे, रात्रंदिवस चालते, मराठीतही बोलता येते. घरात मारहाण होत असेल तर बायकांसाठी १८१ क्रमांक आहे.

आणखी एक कळकळीचे सांगणे. घरात कोणी असे दुखावलेले असेल तर कीटकनाशकांचे डबे आजच कुलपात ठेवा, किल्ली आपल्याजवळ ठेवा. त्या माणसाला एकटे सोडू नका. उपदेश नंतर करा, आधी त्याच्याजवळ बसा.