एकमेकींना न ओळखणाऱ्या प्रती

गेल्या दिवाळीत आमच्या घरी नवा लॅपटॉप आला, तेव्हा त्यात वनड्राइव्ह आधीपासूनच नांदत होते. भाड्याचे घर घ्यावे आणि खोलीत घरमालकाचे कपाट तसेच उभे असावे, तसा हा प्रकार. आम्ही ते वापरायचे ठरवले, असे म्हणणेही खरे नाही. संगणकाने खाते विचारले, आम्ही दिले, आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स व पिक्चर्स ही आमची तिन्ही दालने क्लाउडमध्ये दाखल झाली. (या सेवेचे 2007 मधले नाव स्कायड्राइव्ह. 'स्काय' या ब्रिटिश दूरचित्रवाणी कंपनीने न्यायालयात हरकत घेतल्यावर 2014 मध्ये ते बदलावे लागले. आकाशालाही मालक असतो, हे आम्हांला तेव्हा कळले.) ते ठेवावे की काढून टाकावे, हा प्रश्न पुढे आमच्यासमोर उभा राहिला तो ओव्यांमुळे.

1995 च्या सुमारास एम. फिल.च्या प्रबंधिकेसाठी आम्ही भोर तालुक्यातील काही गावांत जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. एकूण 23 कॅसेटी. गिरणी येऊन वर्षे लोटली होती. जाती पडवीत, कुठे गोठ्यात पडलेली. बायका केवळ आमच्या आग्रहाखातर रिकामे जाते फिरवीत आणि गात. दाणा नसलेल्या जात्याची ती कोरडी घरघर टेपवर स्वच्छ ऐकू येते. ओवीपेक्षाही कधीकधी तीच अधिक बोलते. त्याच दशकात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांचे काम चालू होते. त्यांच्या प्रकल्पात लाखावर ओव्या जमा झाल्या. त्यापुढे आमचा संग्रह म्हणजे सुपातले चार दाणे. पण त्या चार दाण्यांतले आवाज दुसरीकडे कुठेही नाहीत.

फिती चिकटू लागल्या म्हणून आम्ही त्या संगणकावर उतरवायला घेतल्या. साठ मिनिटांची कॅसेट दर्जा न घटवता साठवली तर सुमारे 600 मेगाबाइट होते, आणि फुकट मिळणारी जागा 5 गिगाबाइट. आठ कॅसेटींत ती भरली. उतरवताना दोन फिती तुटल्या, त्यामुळे तेवढ्यांची संगणकीय प्रत हीच आता मूळ संहिता. जुन्या संगणकावरही तेच खाते जोडलेले होते. त्याची हार्डडिस्क भरत आली म्हणून आम्ही तिथला 'ओव्या' हा फोल्डर पुसून टाकला. वर प्रत आहेच, ही निश्चिंती. दुसऱ्या दिवशी नव्या लॅपटॉपवर पाहतो तो फोल्डर तिथेही नाही, आणि वरही नाही.

दोष आमचाच. ज्याला आम्ही राखीव प्रत समजत होतो तो आरसा होता. एका जागी केलेला बदल सर्व जागी पोचवणे हेच 'सिंक'चे काम, आणि पुसणे हाही एक बदलच. आठ दिवस आम्ही कुणाशी धड बोललो नाही. नवव्या दिवशी आमच्या एका विद्यार्थिनीने शांतपणे संकेतस्थळावरची कचरापेटी उघडून दाखवली. वैयक्तिक खात्यातली पुसलेली फाइल तिथे 30 दिवस राहते. ओव्या तिथे होत्या.

त्या आठ दिवसांत वर्गात आम्ही, योगायोग म्हणा, लीळाचरित्र शिकवत होतो. म्हाइंभटांची मूळ पोथी परचक्रात गेली आणि हिराइसेसारख्या ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्या पाठांवरून ग्रंथ पुन्हा उभा राहिला, ही पंथाची परंपरा आम्ही दरवर्षी सांगतो. सांगताना नेहमी एक सुस्कारा असतो: मूळ संहिता गेली, उरले ते पाठभेद. या वेळी तो सुस्कारा आला नाही. एक पोथी लुटली गेली तेव्हा हिराइसेच्या स्मरणातली प्रत आपोआप पुसली गेली नव्हती. एकीवर आलेल्या संकटाची दुसरीला वार्ता नव्हती. पाठभेद हा संशोधकाचा ताप खरा, पण प्रती सुट्या होत्या याचा तो पुरावाही आहे. लेखनिकांच्या चुकांवर आम्ही आजवर पुष्कळ चिडलो आहोत, त्याबद्दल आता थोडे ओशाळल्यासारखे वाटते.

तरी एवढ्यावरून ते सॉफ्टवेअर काढून टाकणे हा अविचारच झाला असता. लॅपटॉप चोरीला गेला, घरात पाणी शिरले, तर दूरची प्रतच कामी येईल. आमच्या अक्षरांकित संहिता आणि लेख खुशाल तिथे राहावेत, असेच आम्हांला वाटत होते. अडले ते एका कॅसेटीपाशी.

अकरावी कॅसेट. त्या बाईंचे वय तेव्हा साठीच्या पुढे असावे. सासरी सोसलेले त्यांनी सगळे ओवीत घातले होते, नावानिशी. टेप बंद केल्यावर म्हणाल्या, "लेकरा, ह्ये गावात कुणाला ऐकवू नगंस." आम्ही मान हलवली. प्रबंधिकेतही ती ओवी घेतली नाही. आता तो आवाज कुठल्या देशातल्या कुठल्या सर्व्हरवर ठेवायचा, याचा निर्णय आम्ही एका खुणेवर टिचकी मारून करणार होतो. तिथे फाइलींना कुलूप असते हे खरे, पण त्याची किल्ली कंपनीकडेच राहते. महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ लिपीत बांधून ठेवल्या, तेव्हा किल्ली निदान पंथाच्या हाती होती.

शेवटी एका रविवारी बसलो. ढगाची खूण असलेल्या फाइलींचे संगणकावर केवळ नाव असते, मजकूर वरच असतो. म्हणून आधी सगळ्या फाइली खाली उतरवून घेतल्या, प्रत्येक उघडून पाहिली, मग खाते विलग केले आणि वनड्राइव्ह काढून टाकले. लेख आणि संहिता आम्ही आता महिन्यातून एकदा ब्राउझरमधून हाताने वर चढवतो. ध्वनिफिती दोन बाह्य हार्डडिस्कांवर आहेत: एक आमच्या कपाटात, दुसरी कोल्हापूरला धाकट्या बहिणीकडे, लोणच्याच्या बरण्यांमागे. या दोघींची गाठ पडत नाही.

अकराव्या कॅसेटीचे काय करावे हे विचारण्यासाठी त्या बाईंच्या मुलीला फोन केला. बाई जाऊन बारा वर्षे झाली. मुलगी चिंचवडला असते. आम्ही सगळे नीट सांगितले, आईला दिलेला शब्दही सांगितला. ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आईचा आवाज आहे तुमच्याकडं? सर, व्हॉट्सॲपवर पाठवा ना. गावी दादालाही ऐकवते."

फाइल तयार आहे. अजून पाठवलेली नाही.