गहू न्यावेत, पीठ नव्हे

बी.कॉम.चा शेवटचा पेपर झाला त्याच संध्याकाळी जयसिंगपूरच्या त्या मुलीने भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे एक जुने पान उलटे केले आणि कोऱ्या बाजूवर गावांची यादी लिहिली. लेह, तवांग, गंगटोक, जैसलमेर, रामेश्वरम्. तीन वर्षे तिचा प्रवास म्हणजे एस.टी.ने सांगलीचे कॉलेज आणि परत, एवढाच होता. वडिलांनी यादी वाचली, हसले आणि म्हणाले, "नोकरी लागू दे, मग स्वतःच्या पैशाने फिर." सल्ला वाजवी होता. मात्र नोकरीनंतर लग्न, लग्नानंतर संसार असा क्रम या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला होता, आणि त्या क्रमात 'मग' हा शब्द नेमका कोठे बसतो हे तिच्या आईला विचारले असते तर तिलाही सांगता आले नसते.

निकाल लागेपर्यंत पाऊस आला आणि आषाढातील अष्टाह्निका पर्वाबरोबर चातुर्मासाचे वेध लागले. वर्षभर पायी विहार करणारे मुनिसंघ या काळात एका गावी स्थिरावतात. पावसात जमिनीवर असंख्य सूक्ष्म जीव उत्पन्न होतात, त्यांची विराधना टळावी हा त्यामागील हेतू. सोबतच्या मैत्रिणी पुण्याला निघून गेल्या होत्या. ही मात्र खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्या पाहत असे. "महाराजसुद्धा आता पाय बाहेर टाकत नाहीत, तू कुठं निघालीस?" असे म्हणून आजीने तिच्या हाती चाळणी दिली. आजीचे वय चौऱ्याहत्तर. गुडघे दुखरे, पण स्वयंपाकघराचा कारभार अजून तिच्याच हाती होता.

चातुर्मासातील जैन स्वयंपाक हा बाहेरच्यांना केवळ वर्ज्य पदार्थांचा हिशेब वाटतो. कांदा, लसूण, बटाटा तर बारमाही नाहीतच. त्यात पालेभाज्याही चार महिने बंद. ओल्या आल्याऐवजी सुंठ. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नाही. मग उरते काय, असा प्रश्न मुलीलाही लहानपणापासून पडत आलेला होता. या पावसाळ्यात तिला त्याचे उत्तर हातांनी मिळाले. शेंगदाण्याची आमटी, हिंग-जिऱ्याच्या फोडणीचे पिठले, भाजलेल्या पापडाची रस्साभाजी, कुळथाचे माडगे, ज्वारीच्या कण्या. कढीला आजी बेसन लावीत नसे, कारण ताक आणि डाळीचे पीठ एकत्र आले की द्विदल होते. त्याऐवजी ती तांदळाचे पीठ लावी आणि ती कढी इतकी हलकी होई की मुलगी भाताशिवाय वाटीने पीत असे. सूर्यास्ताच्या आत सर्वांची पाने वाढून व्हावीत म्हणून दुपारी चारलाच चूल पेटे. ढगाळ दिवशी तर आजी घड्याळावरही विश्वास ठेवीत नसे. उजेड अंगणात असतानाच ताटे मांडली जात.

सर्वांत कठीण प्रकरण पिठाचे. दळलेल्या पिठाची मर्यादा दिगंबर परंपरेत ऋतूनुसार ठरलेली आहे: पावसाळ्यात तीन दिवस, हिवाळ्यात सात, उन्हाळ्यात पाच. ऋतू बदलतो तो आषाढ, कार्तिक आणि फाल्गुन या तीन अष्टाह्निका पर्वांनी. म्हणजे पावसाळ्यात दर चौथ्या दिवशी दळण. गव्हाचे वेगळे, ज्वारीचे वेगळे, हरभऱ्याच्या डाळीचे वेगळे. मुलीने कॉमर्सच्या सवयीने एक तक्ता करून फडताळाच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवला: कोणते पीठ, कधी दळले, कधी संपले पाहिजे. आजीला अक्षर लागत नव्हते, पण तिने तो तक्ता काढू दिला नाही. पाण्याचा अंश नसलेला, नुसत्या पिठाचा आणि तुपाचा लाडू पिठाइतकाच चालतो. पाणी घालून तळलेली पुरी आठ प्रहर. भाकरी-चपाती त्याच दिवशीची. उकळलेले पाणी चोवीस तास. हे सारे आजीच्या जिभेवर होते. घरोघरी यात थोडाफार फरक असतो आणि तरुण घरांतून तो बराच वाढलाही आहे. पण ज्या काळात शीतकपाट नव्हते त्या काळी हा नियम धर्माइतकाच आरोग्याचाही होता, हे मान्य करावेच लागेल.

दुपारी काम उरकले की मुलगी मंदिराच्या ग्रंथालयात जाई. तिथे तिला बनारसीदासांचे 'अर्धकथानक' सापडले. 1641 साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी लिहिलेले जैन व्यापाऱ्याचे हे आत्मचरित्र. जौनपूर, आग्रा, वाटेतले पाऊस आणि चोर, बुडालेला व्यापार. आग्र्यात हाती पैसा उरला नाही तेव्हा एका कचोरीवाल्याने त्यांना कित्येक महिने उधारीवर खाऊ घातले, तो प्रसंग तिने आजीला वाचून दाखवला. कोणतेही तारण न घेता दिलेले ते कर्ज बनारसीदासांनी पुढे फेडले, ही गोष्ट महत्त्वाची. आजीने मात्र एवढेच विचारले, "कचोरीत काय घालत असतील गं?"

भाद्रपदात दशलक्षण पर्व आले. शुद्ध पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंतच्या त्या दहा दिवसांत आजीने एकाशने केली. उत्तम त्यागाच्या दिवशी प्रवचनात आचार्य शांतिसागर महाराजांचा विषय निघाला. भोजचे ते महाराज 1927 साली कुंभोजच्या बाहुबलीहून संघासह निघाले आणि पायी चालत पुढील वर्षी सम्मेद शिखरजीला पोहोचले. घरी आल्यावर आजी बराच वेळ गप्प होती. मग तिने मुलीला सांगितले की तिच्या सासूबाई त्याच ओढीने पुढे कधीतरी शिखरजीला गेल्या होत्या, आगगाडीने, सोबत एक लहान दगडी जाते घेऊन. वाटेत जिथे मुक्काम तिथे दळण. "मीही जाणार होते. आधी तुझे बाबा लहान होते, नंतर तुझी आत्या, नंतर शेत, नंतर गुडघे." चौऱ्याहत्तर वर्षांत आजीचा सर्वांत दूरचा प्रवास श्रवणबेळगोळपर्यंतचा होता. मुलीची यादी फडताळात तक्त्याशेजारीच होती. त्या रात्री तिने त्या यादीत सर्वांत वर एक नाव लिहिले.

दिवाळीच्या आधी पुण्यातील एका कंपनीचे पत्र आले: 1 डिसेंबरला रुजू व्हावे. घरात पेढे वाटले गेले. वडिलांनी 'मग'चा हिशेब मिटला असे धरले होते. मुलीने रुजू होण्याआधीचे दोन आठवडे मागितले आणि आजीला घेऊन शिखरजीला जाते असे सांगितले. आई आधी घाबरली. एकटी मुलगी, म्हातारी माणूस, झारखंड. वडील म्हणाले, यात्रा कंपनीबरोबर जा. आजी म्हणाली, "कंपनीच्या स्वयंपाक्याला पीठ कधी दळलं ते विचारायला मी कुणाकुणाच्या तोंडाकडे बघू?" यावर कोणाकडेच उत्तर नव्हते.

तारीख आजीने ठरवली आणि ती पिठावरून ठरवली. कार्तिक पौर्णिमेच्या आत निघाले तर पिठाला तीनच दिवस. कोल्हापूरहून धनबादला जाणाऱ्या गाडीत दोन रात्री जातात, म्हणजे पोहोचताच पीठ संपले. अष्टाह्निका आटोपून निघाले तर सात दिवस. तरीही परतीचा प्रश्न होताच. तेव्हा आजीने सासूबाईंचा उपाय काढला: गहू न्यावेत, पीठ नव्हे. धान्याला अशी मुदत नसते. पाच किलो निवडलेले गहू, दोन किलो तांदूळ, मूगडाळ, सुंठ-मिरे, तुपाचा डबा. पहिल्या दिवसासाठी पुऱ्या, दुसऱ्या दिवसासाठी रव्याचे व बेसनाचे लाडू, लाह्या, भाजलेले शेंगदाणे. जाते मात्र मुलीने घरीच ठेवायला लावले; मधुबनात गिरणी असेल, असे तिने परस्पर ठरवून टाकले होते. वाटेतील एका स्थानकावर आत्याची नणंद उकळून गाळलेल्या पाण्याचे दोन तांबे घेऊन फलाटावर उभी होती. गाडी पाच मिनिटे थांबली. तेवढ्यात तिने आजीच्या पाया पडून घेतले.

पारसनाथ स्थानकावरून जीपने मधुबन. समोर पहाड. चोवीसपैकी वीस तीर्थंकरांचे हे निर्वाणस्थान. चढ नऊ किलोमीटर, वरची टोंकांची परिक्रमा नऊ, उतार नऊ. डोलीवाले धर्मशाळेच्या दारातच होते. आजी त्यांच्या खांद्यांकडे बघत राहिली. त्यातला एक तिच्या मुलाच्याच वयाचा होता. "माझं ओझं याच्या खांद्यावर देऊन मी कसली वंदना करणार?" ती म्हणाली. मुलीने समजावले, भाडे हेच त्याचे पोट आहे असेही सांगितले, आणि तेही खरेच होते. आजी बधली नाही. तिने खालूनच हात जोडले.

मुलगी पहाटे तीनला एकटी निघाली, हातात काठी आणि विजेरी. अंधारात वर जाणाऱ्या यात्रेकरूंच्या दिव्यांची रांग झाडीतून दिसत होती. पहिले गौतम गणधरांचे टोंक उजाडता उजाडता आले. चंद्रप्रभू भगवंतांचे टोंक इतरांपासून दूर, उंच सुळक्यावर. तिथे जाऊन येताना तिच्या पोटऱ्या थरथरू लागल्या. ती बसली, आणि बसल्याजागी खाली पसरलेले धुके पाहत राहिली. यादीतल्या कोणत्याही गावाची तिला त्या वेळी आठवण झाली नाही. शेवटी पार्श्वनाथांचे सुवर्णभद्र कूट. पहाडावर तिने काही खाल्ले नाही. कोणी सांगितले नव्हते, पण आजी खाली उपाशी असणार हे तिला ठाऊक होते.

दुपारी तीनच्या सुमारास ती लंगडत खाली आली. आजीने तोवर गिरणी शोधून गहू दळून आणले होते, धर्मशाळेच्या चुलीवर मूगडाळीची आमटी आणि गरम चपात्या केल्या होत्या आणि स्वतः जेवली नव्हती. ऊन अजून अंगणात होते. मुलगी जेवता जेवता एकेका टोंकाचे वर्णन करू लागली आणि आजी प्रत्येक नावाला कपाळाशी हात नेत राहिली. चंद्रप्रभूंच्या टोंकाला किती पायऱ्या, वारा होता का, चरणांवर हळद होती की केशर, असे तिचे प्रश्न संपत नव्हते.

परतीच्या गाडीत आजीने यादी मागितली. मुलीने पर्समधून ते घडीचे पान काढले आणि पहिले नाव खोडले. आजीने दुसऱ्या ओळीवर बोट ठेवले. "हे काय आहे?"

"लेह. लडाखला. बर्फ असतो तिथे."

आजीने विचार केला. "मग तिथं पीठ बारा महिने सात दिवस चालत असेल, नाही का गं?"

"नाही आजी," मुलगी म्हणाली, "थंडीवर नसतं ते. अष्टाह्निकेवर असतं."

"असं होय," आजी म्हणाली, "मग तिथंही गहूच न्यायचे."

(समाप्त)