एलपीटी-१ आणि सोबतचं सामान

पंचवीस पिनांची केबल. संगणकाच्या बाजूला दोन स्क्रू, प्रिंटरच्या बाजूला छत्तीस संपर्कांचा रुंद जोड आणि त्याला दोन्हीकडून धरणाऱ्या तारेच्या कड्या. कड्या बसल्या की ओढूनही केबल निघत नसे. १९७० साली सेंट्रॉनिक्स कंपनीच्या प्रिंटरबरोबर हा छत्तीस संपर्कांचा जोड आला. नव्या लॅपटॉपला ही केबल लावायचं पोर्टच नाही.

एलपीटी-१. त्या पोर्टचं नाव. फॉक्सप्रोत लिहिलेली पतसंस्थेची खतावणी, औषधांच्या दुकानातलं बिल, वजनकाट्याची कार्बनवाली पावती, सगळं थेट या नावावर जाई. मधे ड्रायव्हर नाही. अक्षरांचे आकार डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या पोटातच असत. संगणकाने फक्त अक्षराचा आकडा पाठवायचा, नऊ सुया ते अक्षर कागदावर उठवीत. १५ पाठवला की अक्षरं बारीक, २७ आणि ६९ पाठवले की ठळक, १२ पाठवला की पान सुटलं. एप्सनचे हे संकेत इतर कंपन्यांच्या प्रिंटरांनाही कळत. इतकी उघडी, इतकी सरळ व्यवस्था नंतर पुन्हा झाली नाही असं मला वाटतं.

आज तोच प्रिंटर यूएसबीच्या केबलने जोडला तर विंडोज त्याला यूएसबी००१ म्हणतं. जुना प्रोग्रॅम मात्र एलपीटी-१ लाच हाका मारत राहतो. तोड आहे: प्रिंटरला ‘जेनेरिक, टेक्स्ट ओन्ली’ ड्रायव्हर द्यायचा, तो शेअर करायचा, आणि काळ्या खिडकीत ‘नेट यूज’चा आदेश देऊन एलपीटी-१ हे नाव त्या शेअरला बांधायचं. मग हाक पोचते. हा आदेश तोंडपाठ असलेला माणूस तालुक्याच्या गावात अजून सापडतो. त्याने बसवून दिलेल्या यंत्रावर कुणाकुणाचे हिशेब वर्षानुवर्षं छापले गेले आहेत. त्याची विद्या कुठल्याही अभ्यासक्रमात नाही.

सोळा बिटांचा प्रोग्रॅम. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर तो उघडतच नाही. तो चालवणारी विंडोज १० ची बत्तीस बिटांची आवृत्ती तरी होती. तिचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ फक्त चौसष्ट बिटांतच येतं. आता जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्ससारखा आडमार्ग.

ड्रायव्हरची सीडी. ती वाचणारा ड्राइव्हही गेला.

एचपी लेझरजेट १०२०. डीटीपीच्या दुकानांत श्रीलिपी आणि पेजमेकरच्या शेजारी हाच असायचा. ऑफसेटच्या प्लेटसाठी बटर पेपरवर मजकूर याच्यावरच निघे. १२ए काडतूस, तेही पुन्हा पुन्हा भरलेलं. पण हा डॉट मॅट्रिक्सच्या अगदी उलट घडणीचा. पान रचण्याचं सगळं काम संगणकाचं. स्वतःचं फर्मवेअरसुद्धा याच्यापाशी राहत नाही. दर वेळी चालू केला की संगणकाने ते नव्याने पाठवायचं. म्हणून ड्रायव्हर नसेल तर ड्रम ठणठणीत, रोलर ठणठणीत, आणि तरीही यंत्र निकामी. यात दोष धातूचा नाही, आणि चांगलं यंत्र असं भंगारात जावं याचं मला मनापासून वाईट वाटतं. रिक रिचर्डसन यांनी लिनक्ससाठी फू-टू-झेडजेएस हा ड्रायव्हर लिहिला. त्यात हे फर्मवेअर पाठवण्याची सोयही आहे. एका माणसाच्या त्या कामामुळे कितीतरी १०२० अजून छापत आहेत.

बाहेरच्या कंपन्यांचे ड्रायव्हर. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये जाहीर केलं की विंडोज अपडेटमधून असे नवे ड्रायव्हर देणं टप्प्याटप्प्याने बंद होईल. पुढचा भर विंडोजच्याच, इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉलवरच्या ड्रायव्हरवर. नव्या प्रिंटरांसाठी हे उत्तम आहे. वर सांगितलेल्या जुन्यांना तो प्रोटोकॉल कळत नाही.

एप्सनची माहितीपुस्तिका. तिच्यात संकेतांचं कोष्टक असे: आकडा, आणि समोर त्याचं काम. तेवढं कोष्टक हाती असलं तर पुढच्या कुठल्याही संगणकासाठी ड्रायव्हर नव्याने लिहिता येतो. ज्यांच्या कपाटात ती असेल त्यांनी रद्दीत देऊ नये. निदान त्या पानांचे फोटो काढून ठेवावेत.