वाटीतलं पाणी

माझ्याकडं एक बॉल पायथन आहे. नाव बटाटा, कारण घाबरला की स्वतःचा गोळा करून बसतो. पुण्यातला रूममेट जर्मनीला गेला आणि हा माझ्या गळ्यात पडला. कुणी विचारायच्या आधीच सांगतो : नाग, धामण, अजगर असे आपल्याकडचे साप वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार घरात पाळता येत नाहीत. बॉल पायथन मूळचा आफ्रिकेतला. त्याचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. ती केली आहे.

यंदा मार्चमध्ये वर्क फ्रॉम होम घेऊन कडेगावला आलो, बटाट्यासकट. पहिल्याच दिवशी प्रश्न पडला, याला पाणी कुठलं द्यायचं? घरात तीन प्रकारचं पाणी. नळाचं, त्याला टीसीएल पावडरचा वास. बोअरचं, ते बादलीवर पांढरा थर सोडतं. आणि विकतचं जारचं.

इंजिनिअरनं जे करायचं तेच केलं. टीडीएस मीटर मागवला, एक्सेल शीट उघडली. जार ४०, नळ ३१०, बोअर ११८०. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ही मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, दुसरं पाणीच नसेल तर २०००. जार जिंकला.

तीन आठवड्यांनी बटाट्याची कात तुकड्यातुकड्यांनी निघाली. धडधाकट सापाची कात मोज्यासारखी अखंड निघते. तुकडे पडले तर हवा कोरडी आहे किंवा साप पुरेसं पाणी पीत नाही. घाबरून प्राण्यांच्या डॉक्टरांना फोटो पाठवले, सोबत एक्सेल. त्यांनी एक्सेल उघडलीच नाही. विचारलं, "भांडं शेवटचं कधी घासलं?"

आठवडा झाला होता. आतून बोट फिरवलं तर बुळबुळीत. साप त्याच भांड्यात पितो, डुंबतो, कधी घाणही करतो. उन्हाळ्यात त्यात जंतू वाढायला कितीसा वेळ लागतो? डॉक्टर म्हणाले, "तुम्ही जे पिता ते त्याला चालतं. क्लोरीनचा वास असेल तर उघड्या भांड्यात दिवसभर ठेवा, उडून जाईल. पण पाणी रोज बदला आणि भांडं रोज घासा."

त्या रात्री घासलेल्या भांड्यात नळाचं पाणी ठेवलं. बटाट्यानं तोंड टेकवलं आणि प्यायला लागला. सापाला कुत्र्यासारखं जिभेनं लपलप पिता येत नाही. खालच्या जबड्यातल्या मऊ घड्या स्पंजसारखं पाणी शोषतात आणि स्नायू ते पिळून आत ढकलतात. दोन-तीन मिनिटं तो न थांबता पीत होता.

आणि मला दुसरं एक पिणं आठवलं.

मी सात वर्षांचा असेन. नागपंचमीला दारात गारुडी आला होता. आजीनं दूध दिलं, वाटी मी धरली. नागानं तोंड घातलं आणि अगदी असाच प्याला. गल्लीतली पोरं बघत होती. नाग माझ्या हातचं दूध प्याला, हे मी महिनाभर सांगत हिंडलो.

साप सस्तन प्राणी नाही, दूध पचवायची सोय त्याच्या पोटात नाही. पंचमीआधी कित्येक दिवस नागांना उपाशी-तहानलेलं ठेवतात, म्हणजे समोर येईल ते ओलं ते पितात. दूध फुफ्फुसात जाऊन साप मरतातही. हे सगळं मी आधी वाचलं होतं. व्हॉट्सअपवरच्या फॉरवर्डसारखं वाचून सोडूनही दिलं होतं. पण तहानलेला साप पिताना कसा दिसतो, हे त्या रात्री डोळ्यांनी बघितलं. माझ्या वाटीत साधं पाणी असतं, तर तो नाग तेच प्याला असता.

आजीला सांगावं का, हे ठरवायला चार दिवस लागले. ती ऐंशीच्या पुढची. ७२च्या दुष्काळात खडी फोडलेली, डोक्यावरून पाणी आणलेली. टेंभूचं पाणी यायच्या आधीचं कडेगाव तिला पाठ आहे. शेवटी सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तहानलेलं हुतं व्हय त्ये?"

आमच्याच जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात जिवंत नागांची पूजा थांबवायला न्यायालयाचे आदेश लागले. आमच्या घरात त्या एका प्रश्नावर विषय संपला. यंदाच्या पंचमीला आजीनं पाटावर चंदनानं नाग काढला, दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवला, पुरणाची दिंडं उकडली. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, हे तिचे नियम कायम.

दुपारी ती माझ्या खोलीच्या दाराशी आली. आत यायला अजून भिते. उंबऱ्यावरूनच विचारलं, "त्येचं पाणी बदललंस का?"

बदललं नव्हतं. लॅपटॉप मिटला आणि उठलो.