सीमेवरचे लग्न: हॅरिएट आणि ड्रेड स्कॉट



कायद्याच्या पुस्तकांत ड्रेड स्कॉट खटला येतो तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ मार्च १८५७ रोजी कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारले, एवढ्यापुरताच. त्या खटल्याच्या मुळाशी एक लग्न होते आणि ते कोठे लागले याला फार महत्त्व होते, ही गोष्ट बहुधा तळटीपेत जाते.

मिसिसिपी आणि मिनेसोटा या नद्यांच्या संगमावरील फोर्ट स्नेलिंग हा किल्ला १८३६ साली विस्कॉन्सिन टेरिटरीत, म्हणजे राज्याचा दर्जा न मिळालेल्या, संघसरकारच्या अखत्यारीतील सीमाप्रदेशात मोडत असे. १८२० च्या मिसुरी तडजोडीने, म्हणजे मिसुरी राज्य वगळता ३६ अंश ३० मिनिटे अक्षांशाच्या उत्तरेस गुलामगिरीला मनाई करणाऱ्या कायद्याने, तेथे गुलाम ठेवता येत नव्हते. तरीही लष्करी अधिकारी आपले गुलाम बिनदिक्कत सोबत आणीत. लष्करी डॉक्टर जॉन एमर्सनने ड्रेडला असेच आणले होते, तर डाकोटा लोकांशी सरकारी व्यवहार पाहणाऱ्या लॉरेन्स टॅलिआफेरोच्या घरी हॅरिएट रॉबिन्सन ही तरुणी होती.

गुलामगिरीच्या राज्यांत गुलामांच्या लग्नाला कायद्याच्या लेखी किंमत नव्हती, कारण विवाह हा करार आणि जो स्वतःच मालमत्ता आहे त्याला करार करण्याचा अधिकार कुठला? येथे मात्र टॅलिआफेरोनेच न्यायदंडाधिकारी या नात्याने दोघांचे लग्न लावले. त्यामागे त्याचे औदार्य किती आणि सोय किती, हा वाद बाजूला ठेवलेला बरा. दोघांच्या प्रेमाचा लेखी पुरावा शोधणेही व्यर्थ आहे, कारण सहीच्या जागी दोघेही फुली करीत. मात्र पुढे मिसुरीत आल्यावर, ६ एप्रिल १८४६ रोजी, त्याच फुल्या करून त्यांनी सेंट लुइसच्या न्यायालयात मुक्तीसाठी दोन स्वतंत्र अर्ज एकाच दिवशी दिले.

त्यांपैकी हॅरिएटचा अर्ज अधिक मोलाचा होता, कारण अपत्याचा दर्जा आईवरून ठरत असे. त्यांची थोरली मुलगी एलायझा मिसुरीच्या सीमेच्या उत्तरेस आगबोटीत जन्मलेली असल्याने तिच्यापुरता वेगळा युक्तिवाद तरी शक्य होता. मिसुरीत जन्मलेल्या धाकट्या लिझीला आईच्या मुक्तीवाचून दुसरा आधारच नव्हता. तरीही १८५० साली दोन्ही पक्षांच्या वकिलांनी केवळ ड्रेडचा खटला पुढे न्यायचा आणि त्याचाच निकाल हॅरिएटलाही लागू धरायचा असे ठरवले, आणि घराच्या स्वातंत्र्याचा सर्वांत बळकट दावा न्यायालयासमोर स्वतंत्रपणे आलाच नाही.

सर्वोच्च न्यायालयात त्या लग्नाची दखल घेतली ती विरोधी मत देणाऱ्या कर्टिसने: मालकाच्या संमतीने मुक्त प्रदेशात विधिवत लागलेले लग्न हीच मालकाने दिलेली मुक्ती, असा त्याच्या मांडणीचा आशय होता. बहुमताने, सात विरुद्ध दोन, ते बाजूला सारले. मे १८५७ मध्ये ड्रेडच्या एमर्सनपूर्वीच्या मालकाच्या मुलाने साऱ्या कुटुंबाला मुक्त केले; ड्रेड पुढच्याच वर्षी वारला, आणि धुलाईकाम करणारी हॅरिएट १८७६ पर्यंत जगली.