चार रविवार

प्रवासाची वर्णने आपण पुष्कळ वाचतो; प्रवासाच्या तयारीविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. मला विचाराल, तर गेल्या मे महिन्यात भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी घालवलेल्या पाच दिवसांपेक्षाही त्यापूर्वीचे चार शनिवार-रविवार माझ्या मनात अधिक खोल रुतून बसले आहेत. हे चारही रविवार मी घरच्या अंगणातच काढले. त्यांत पाहण्यासारखे काही नव्हते; होती ती एक धुळीने माखलेली मालमोटार.

आमचे गाव नाशिक जिल्ह्यात, द्राक्षबागांच्या मुलखात आहे. एप्रिल सरत आला, की द्राक्षांची तोडणी आटोपते आणि गाव सुस्कारा टाकते. हंगामात रात्रंदिवस द्राक्षे वाहणारी माझ्या पुतण्याची मालमोटार त्या दिवसांत आमच्या अंगणातल्या कडुनिंबाखाली विसावते. पण तिची ही विश्रांती फार काळ टिकत नाही. मेच्या अखेरीस गावातील तीस मुलांचे शिबिर भंडारदऱ्याला जाते. मुले एस.टी.ने जातात, तंबू, पातेली, धान्य, पाण्याची पिंपे असा सारा संसार मालमोटारीतून जातो. पुतण्या ती चालवतो आणि मी त्याच्या शेजारी बसतो. यंदा माझा बारा वर्षांचा नातू शिबिराला यायचा होता. त्याने आधीच बजावून ठेवले होते, "आजोबा, मी एस.टी.ने येणार नाही. तुमच्याबरोबर गाडीतच बसणार."

"बैस की! पण गाडीत बसायचे, तर आधी गाडीची सेवा केली पाहिजे," मी म्हणालो.

अशा रीतीने आमच्या कामाला आरंभ झाला. पहिल्या रविवारी आम्ही हौदा झाडून धुतला. फळ्यांच्या फटींतून वाळलेली द्राक्षे, सुतळीचे तुकडे आणि मूठभर खिळे निघाले. फाळक्याच्या बिजागऱ्यांना वंगण घातले, तेव्हा कुठे त्यांची कुरकुर थांबली. दुसऱ्या रविवारी चाकांची पाळी आली. टायरच्या खाचांत तळाशी लहान लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आला, की त्याचे आयुष्य संपले असे समजावे. ही गोष्ट मला पुतण्याने शिकवली. मी त्याला एकेकाळी व्याकरण शिकवले होते; त्याची त्याने अशी परतफेड केली! मग आम्ही जादा चाक खाली उतरवले. त्याला आपण 'स्टेपनी' म्हणतो. हा शब्द आला कुठून, हे मी नातवाला सांगितले. वेल्समधील लानेली या गावात स्टेपनी नावाचा रस्ता आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या एका कारखान्याने मोटारींसाठी जादा चाके बनवली. त्या रस्त्याचे नाव चाकाला मिळाले आणि चाकाबरोबर ते आपल्या गावापर्यंत येऊन पोहोचले. नातवाला ही गोष्ट इतकी आवडली, की दिवसभर तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगत होता.

त्या दुपारींची शांतता मला अजून आठवते. घरातली माणसे जेवून आडवी झालेली असत. कडुनिंबाच्या सावलीत पाना फिरल्याचा आवाज तेवढा येई. मध्येच एखादी पिकलेली निंबोळी टपावर टपकन पडे. बॅटरीच्या टोकांवर जमलेला पांढरा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुताना जो फेस उसळला, तो पाहून नातू टाळ्या पिटू लागला. आम्ही दोघे तासन्‌तास एकमेकांशी न बोलता काम करीत असू आणि त्यात काही उणे आहे, असे आम्हांला वाटत नसे.

तिसऱ्या शनिवारची शांतता मात्र निराळी होती.

त्या दिवशी पुतण्या नाशिकला गेला होता. चाकांच्या आतल्या बाजूला बसलेला चिखल पुसण्याचे काम मी नातवाला दिले होते. तासाभराने तो फडके घेऊन बाहेर आला. "झाले का रे?" असे मी विचारले. "झाले," एवढेच तो म्हणाला. रात्री तो धड जेवला नाही. अंथरुणावर कितीतरी वेळ कूस बदलत राहिला. उन्हात काम केल्यामुळे थकला असेल, असे मला वाटले.

सकाळी मी तुळशीपाशी उभा असताना तो हळूच जवळ आला.

"आजोबा, गाडीत बिघाड निघाला, तर शिबिर रद्द होईल का?"

"कोणता बिघाड आहे, ते पाहावे लागेल. पण तू हे का विचारतोस?"

त्याने मान खाली घातली. मग थांबत थांबत त्याने सांगितले. मागच्या एका चाकाच्या आतल्या बाजूला त्याला ओल दिसली होती. ते पाणी नव्हते. हाताला तेलकट लागत होते. त्याने ती ओल फडक्याने पुसून टाकली होती. "मला वाटले, सांगितले तर काका गाडी नेणार नाहीत," तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले.

आता मी रागावेन, अशी त्याची अपेक्षा असावी. मला राग आला नाही, कारण त्या क्षणी मला दुसऱ्याच एका प्रवासाची आठवण झाली. ती गोष्ट तोवर मी कुणालाही सांगितली नव्हती. ती मी त्याला तिथेच ओट्यावर बसून सांगितली.

१९८४ साली मी खानदेशातील एका शाळेत नवीनच शिक्षक झालो होतो. आम्ही मुलांची सहल वेरूळला नेली. परत निघण्यापूर्वी बसभोवती फेरी मारताना एका चाकाचा टायर मला पार गुळगुळीत दिसला; एका जागी तर आतले धागेही वर आले होते. चालकाला सांगावे, असे मनात आले. पण उशीर झाला होता, मुले घरी जायला आतुर झाली होती आणि मी वयाने सर्वांत लहान शिक्षक होतो. 'मोठ्या माणसांना हे दिसले नसेल का?' अशी मी स्वतःची समजूत घातली आणि गप्प बसलो. कन्नडचा घाट उतरताना तो टायर फुटला. चालकाने प्रसंगावधान राखून बस डोंगराच्या अंगाला घातली, म्हणून आम्ही वाचलो. एका मुलाच्या कपाळाला खोक पडली आणि तीन टाके घालावे लागले. सर्वांनी दैवाचे आभार मानले. मी मात्र त्या मुलाकडे पाहू शकलो नाही. पुढे दोन वर्षे तो माझ्या वर्गात होता. हजेरी घेताना त्याचे नाव आले, की माझी नजर त्याच्या कपाळावरच्या खुणेकडे जाई.

"तू एका रात्रीत बोललास. मला चाळीस वर्षे लागली," मी नातवाला म्हणालो.

पुतण्या आल्यावर नातवाने स्वतःच त्याला सारे सांगितले. पुतण्याने चाक उतरवले आणि तो गंभीर झाला. ब्रेकचे कार्य कसे चालते, ते त्याने नातवाला समजावून सांगितले. पायाने पट्टी दाबली, की नळ्यांतील तेलावर दाब पडतो आणि तो दाब चारही चाकांपर्यंत पोहोचतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हा नियम सतराव्या शतकात पास्काल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सांगितला. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात तो येईलच. पण तेल कुठे गळू लागले, तर दाब टिकत नाही. आमच्या गाडीत चाकाजवळच्या लहानशा नळकांड्यातले रबर झिजले होते आणि तेथूनच तेल पाझरत होते. "काका, अशी गाडी भरून उतारावर नेली असती, तर ऐन वेळी ब्रेक लागले नसते," पुतण्या मला हळू आवाजात म्हणाला.

तो आठवडा मिस्त्रींच्या दारी हेलपाटे घालण्यात गेला. नवे रबर बसले. तेलाने भिजलेले भाग बदलले. चौथ्या शनिवारी नळ्यांत शिरलेली हवा काढायची होती. हवा दबते, तेल दबत नाही. म्हणून हवेचा बुडबुडा आत राहिला, तर ब्रेक मऊ लागतो. या कामाला दोन माणसे लागतात. नातू चालकाच्या जागेवर बसला. पुतण्या गाडीखालून "दाब!" म्हणाला, की तो पट्टी दाबून धरी आणि "सोड!" म्हटल्यावरच सोडी. अर्धा तास अंगणात "दाब!", "सोड!" हे दोनच शब्द घुमत होते. रविवारी आम्ही ताडपत्रीची भोके शिवली, तंबू रचले आणि दोर आवळले.

भंडारदऱ्याचे दिवस आनंदात गेले. प्रवरेवर १९२६ साली पूर्ण झालेले धरण मुलांनी पाहिले. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर, हे भूगोलात वाचलेले वाक्य त्यांच्यासमोर निळ्या डोंगराच्या रूपाने उभे राहिले. रात्री हिरडा-बेहड्याच्या झाडांवर काजवे लखलखू लागले, तेव्हा आम्ही कंदील आणि गाडीचे दिवे विझवले. परका उजेड काजव्यांना सहन होत नाही. तीस मुले अंधारात एक शब्दही न बोलता उभी होती.

पाचव्या दिवशी सकाळी सामान भरून झाले. मुले एस.टी.कडे धावली. पुतण्याने गाडी सुरू केली, पण नातू कुठे दिसेना. मी खाली उतरून पाहिले. तो मागच्या चाकाशी गुडघे टेकून बसला होता आणि आतल्या बाजूला हात घालून चाचपत होता. त्याला कुणीही तसे सांगितले नव्हते. उठून त्याने आपला तळवा माझ्यापुढे धरला. त्यावर फक्त धूळ होती.

"कोरडे आहे, आजोबा," तो म्हणाला. "आता निघायला हरकत नाही."